बाळाचा आवाज आणि आईबापांची झोप

मागच्या रांगांत चार-पाच बाळं दिसताहेत. ती ओरडली तर कुणी उठून बाहेर जाऊ नका, आणि बाकीच्यांनी मान वळवून बघू नका. आज विषयच तो आहे. माइक आहे, आम्ही आवाज थोडा चढवू.

आम्ही दोघंही बालरोगतज्ज्ञ. इथे बोलतोय एक जण, पण जे सांगायचंय ते दोघांचं आहे. त्यातला बराचसा भाग दवाखान्यातला आहे आणि थोडा आमच्या घरातला. घरातला भाग पुढे येईल.

दवाखान्यात काय होतं ते आधी सांगतो. पाच-सहा महिन्यांचं बाळ घेऊन आईबाबा येतात. बाळ गुटगुटीत, वजन छान, आमच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपवर झेप घेणारं. काय तक्रार, म्हणून विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात. मग आई म्हणते, "डॉक्टर, हा रडत नाही हो. किंचाळतो." तेवढ्यात बाळ प्रात्यक्षिक करून दाखवतं आणि बाहेर बसलेले लोक दारातून डोकावतात. बाबा सांगतात, दिवसभर असंच चालतं, घरून काम आहे, मीटिंगला बसता येत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलं की बाळाला काही दुखतंय का. आम्ही तपासतो. कान, घसा, पोट, सगळं ठीक असतं. तसं सांगतो. आणि मग निघता निघता, चपला घालताना, खरं वाक्य येतं: "कधी कधी याचा इतका राग येतो ना, की माझी मलाच भीती वाटते."

हे वाक्य आयाही बोलतात आणि बापही. आजचं बोलणं त्या वाक्याबद्दल आहे. पण बाळ आवाज का करतं हे कळल्याशिवाय त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून सुरुवात आवाजापासून करू.

घरात आपण सरसकट 'बाळ ओरडतंय' म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक रडणं, दुसरं किंचाळणं. दोन्हींचं वय वेगळं, कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

रडण्याचं बघू. टी. बेरी ब्रेझलटन नावाचे एक अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांना रोजच्या रडण्याची नोंद ठेवायला सांगितली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. दुसऱ्या आठवड्यात ही बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते तासाच्या आसपास उतरलं. हा मधला आकडा आहे, म्हणजे निम्मी बाळं याहून जास्त रडत होती. त्यातही संध्याकाळी जास्त. दिवेलागणीला बाळ रडायला लागलं की आपल्याकडे दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या निघतात. दृष्ट काढा, आमची हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर बाळाच्या खोलीत नको. अर्ध्या-पाऊण तासाने बाळ शांत होतं ते मोहऱ्यांमुळे की त्याचं रडून संपलं म्हणून, यावर घरात वाद घालू नये, हे आम्ही अनुभवाने शिकलोय.

हा चढ-उतार फक्त अमेरिकेतला नाही. कालाहारी वाळवंटात कुंग सान लोक राहतात. त्यांची बाळं दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असतात, तासात अनेकदा पाजली जातात. रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी तपासल्या. त्या बाळांचंही रडणं पहिल्या काही महिन्यांत चढतं आणि मग उतरतं. फरक एवढाच की ती एका वेळी फार थोडा वेळ रडतात. म्हणजे जगातली सगळ्यात जास्त कडेवर असलेली बाळंसुद्धा रडतात. रडण्याचा हा डोंगर मेंदूच्या वाढीचा भाग आहे, त्यावरून आईच्या हातगुणाची परीक्षा घ्यायची नाही.

हे इतकं जोर देऊन का सांगतोय? कारण सहावा आठवडा आला, बाळ रोज संध्याकाळी रडायला लागलं, की घरातून निकाल येतो: "हिला दूध पुरत नाही." आणि पावडरचा डबा येतो. आपल्याकडे अंगावरचं दूध सुटण्याची कितीतरी प्रकरणं याच दिवसांतली असतात. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून कळत नाही. दिवसात सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू होते का आणि वजन वाढतंय का, हे बघायचं. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर डबा दुकानातच राहू द्या.

दुसरी भीती, रडून रडून बेंबी फुगेल. बेंबीचा हर्निया रडण्याने होत नाही. तो असतो, रडताना दिसतो एवढंच. त्यावर नाणं बांधू नका.

आता उपाय. १९८६ मध्ये माँट्रियलमध्ये हुंझिकर आणि बार यांनी एक साधा प्रयोग केला. काही आयांना सांगितलं की बाळाला रोज किमान तीन तास जास्तीचं उचलून घ्या, ते रडत असो वा नसो. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी भरलं. पण पुढे, जी बाळं आधीच तासन्तास रडत होती त्यांच्यावर हा उपाय करून बघितला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. आम्ही त्यातून एवढं घेतो की बाळ रडत नसतानाच ते कुणाच्या तरी अंगावर असावं. "हाताची सवय लागेल" असं कुणी म्हणालं तर सांगायचं, दोन महिन्यांच्या बाळाला लागू दे की. पण चोवीस तास उचलूनही ते रडलं तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

ग्राइप वॉटरबद्दल थोडक्यात: त्याने पोटातलं काही बरं होत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ते निघालं तेव्हा त्यात दारू असायची, आता नसते, गोडवा तेवढा राहिला. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको.

झोपवण्यासाठी औषध देणं मात्र थोडक्यात सोडता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना बाळगोळी द्यायच्या. तिच्यात अफू असायची. १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत हे इतक्या घरांतून आढळलं की अधिकारी हादरले. आज ते वाचताना त्या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण दहा-अकरा तास यंत्राशी उभं राहायचं, मागे चाळीतल्या खोलीत तान्हं बाळ, बघायला शेजारची म्हातारी किंवा सात वर्षांची थोरली बहीण. त्यांना बाळ नकोसं नव्हतं, त्यांना ते संध्याकाळपर्यंत जिवंत आणि गप्प हवं होतं. त्यातली काही बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत.

अफू गेली, तिची जागा सर्दीच्या औषधाने घेतली. "डॉक्टर, मागच्या वेळी ते सिरप दिलंत ना, त्याने छान झोपला होता. अजून एक बाटली लिहून द्या." हे आम्ही महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. त्या झोपेचं कारण क्लोरफेनिरामाइन. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनच्या मिश्र औषधावर '४ वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला सांगितलं आहे. आपण पाच महिन्यांच्या बाळाबद्दल बोलतोय. पोटदुखीच्या थेंबांमध्ये डायसायक्लोमिन असेल तर तेही सहा महिन्यांच्या आत चालत नाही, श्वास बंद पडू शकतो. घरी अशी बाटली असेल तर आज रात्री टाकून द्या.

आता किंचाळण्याकडे येऊ. नव्या आईबाबांना याचा जास्त धक्का बसतो, कारण याबद्दल त्यांना आधी कुणी काही सांगितलेलं नसतं.

नवजात बाळाचं स्वरयंत्र गळ्यात खूप वर असतं. तीन-चार महिन्यांच्या सुमारास गळ्याची रचना बदलू लागते, मान धरलेली असते, श्वास रोखणं आणि सोडणं थोडं ताब्यात येतं. आणि बाळाला शोध लागतो की आपल्या आत एक वाद्य आहे. अमेरिकेत मेम्फिसच्या विद्यापीठातले किम्ब्रो ओलर यांनी चाळीसहून अधिक वर्षं बाळांचे आवाज ऐकण्यात घालवली आहेत. रडणं-हसणं सोडून बाळं जे आवाज करतात त्यांचे ते ढोबळ प्रकार करतात: किंचाळी, गुरगुर आणि मधल्या पट्टीतले स्वर. शिवाय ओठांनी फुर्र करणं आहेच. आपल्याकडे बाळ फुर्र करायला लागलं की पाऊस येणार म्हणतात. भर वैशाखात फुर्र करणारी बाळंही आम्ही बघितली आहेत.

गायक सकाळी एकच सूर धरून बसतो तसं हे आहे. काही दिवस नुसतं तार सप्तक, मग आठवडाभर खर्ज. ज्यांच्याकडे गाण्याचा रियाझ चालतो त्यांना माहीत असेल, घरातल्या बाकीच्यांना रियाझ कसा वाटतो ते. आणि महत्त्वाचं म्हणजे यातले बहुतेक आवाज कुणाला उद्देशून नसतातच. बाळ छताकडे बघत किंचाळतं, पंख्याकडे बघत किंचाळतं. तुम्हाला त्रास द्यायचा म्हणून नाही आणि तुम्ही लक्ष देत नाही म्हणूनही नाही. यातूनच पुढे स्वर लांबवणं, चढवणं, तोडणं येतं, आणि त्यातून बोलणं. सहा-सात महिन्यांनंतर 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ सुरू झाली की किंचाळ्या हळूहळू मागे पडतात.

इथे एक गैरसमज काढायचा आहे. "एवढं ओरडतो, म्हणजे कान तर तिखट असणार." असं नाही. जन्मतः ऐकू न येणारी बाळंसुद्धा किंचाळतात, गुरगुरतात. ओलर आणि आयलर्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं की फरक अक्षरांच्या माळेत पडतो. ऐकू येणारी बाळं साधारण दहा महिन्यांच्या आत 'बाबाबा' करायला लागतात, बहिऱ्या बाळांचं ते मागे पडतं. तेव्हा जन्मानंतर कानाची तपासणी झाली नसेल तर ती आताच करून घ्या, आणि दहा महिने उलटूनही अक्षरं आली नसतील तर थांबू नका. "आमच्याकडे सगळे उशिराच बोलले" हे वाक्य ऐकून गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही इथेच सांगून टाकतो. श्वास आत घेताना घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ते किंचाळणं नाही. किंचाळी श्वास बाहेर सोडताना येते. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी, शौचात रक्त, शू कमी होणं, दूध न घेणं, बाळ मलूल पडणं, मांजरासारखं बारीक आणि नेहमीपेक्षा वेगळं रडणं: यात रात्र काढायची नाही. आणि बाळ अचानक असं रडायला लागलं की काही केल्या थांबत नाही, तर कपडे पूर्ण काढून बघा. जांघेत फुगवटा आहे का, आणि पायाच्या बोटाला आईचा केस गुंडाळला गेलाय का. बाळंतपणानंतर केस गळतात, तो मोज्यात जाऊन बोटाला आवळतो. आम्ही हे बघितलंय.

आता वेळेचं गणित बघा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी. म्हणजे सहाव्या आठवड्याचं जे रडणं, ते माहेरी होतं. तिथे आई असते, मावशी येऊन जाते, मालिश करणारी बाई असते, बाळ पाच मांड्यांवर फिरतं. तिसऱ्या महिन्यानंतर बाळ-बाळंतीण परततात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात किंचाळणं सुरू होतं ते दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. घरात माणसं दोन. त्यातला एक दिवसभर कामावर. वर, २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळणारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. म्हणजे बाळ टिपेला पोचलेलं असतं नेमकी तेव्हा ती संपते. बापाला केंद्र सरकारी नोकरी असेल तर १५ दिवस, खासगीत कायद्याने काहीच नाही. त्याने माहेरच्या शनिवार-रविवारच्या भेटींत झोपलेलं बाळ पाहिलेलं असतं. त्याची आणि त्या आवाजाची पहिली खरी ओळख आता होते.

आणि आवाज म्हणजे किती? बाळ खांद्यावर असतं तेव्हा त्याचं तोंड आपल्या कानापासून वीतभर. तिथे तो शंभर डेसिबलच्याही पुढे जातो. माणसाचा कान सगळ्यात तिखट ज्या पट्टीत असतो, नेमका त्याच पट्टीत तो घुसतो. तेव्हा डोकं भणभणतं हे काही मनाचे खेळ नाहीत. फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. बाळ ऐकू येतं, फक्त धार जाते. आयांना हे सांगितलं की त्या अशा बघतात, जणू आम्ही बाळाला सोडून द्यायला सांगितलं. बोळे घालून पाऊण तास प्रेमाने बसता येत असेल तर न घालता दहा मिनिटांत खेकसण्यापेक्षा ते बरं.

बाळाला ओरडून गप्प करता येत नाही, कारण मग खोलीत दोघं ओरडतात. कुजबुजून बघा. पाच-सहा महिन्यांची बाळं कुजबुज ऐकायला थांबतात, तोंडाकडे टक लावतात. खालच्या पट्टीत गुरगुरून दाखवा, कधी कधी ते पट्टी बदलतं. गॅलरीत न्या, रिक्षा दाखवा, झाडाचं पान हातात लावून द्या. बंद खोलीत आवाज भिंतींवर आदळून परत येतो आणि बाळाला तीच मजा वाटते. बाथरूममध्ये आपणही गातो की. सतरंजी, पडदे, उघडी खिडकी यांनी फरक पडतो. आठ-दहा महिन्यांनंतर मात्र बाळ किंचाळून काही मागायला शिकतं. तेव्हा प्रत्येक किंचाळीला धावत जाऊन वस्तू हातात देऊ नका, बोट दाखवलं की द्या. पाच महिन्यांच्या बाळाला हा नियम लावू नये. त्याला अजून एवढं राजकारण येत नाही.

आता घरातली गोष्ट.

आमची मुलगी साडेपाच महिन्यांची होती. दवाखाना, रात्रीचे फोन, दोघांची झोप तुकड्यातुकड्यांची. त्या पहाटे तीन वाजता ती रडत नव्हती. मजेत होती. टक्क जागी होऊन किंचाळत होती, दर किंचाळीनंतर स्वतःच हसत होती. आमच्यातला एक जण तिला दोन्ही हातांनी काखेत धरून समोर उभा होता. 'गप्प बस' हे तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं की बोटांची पकड आवळत चालली आहे आणि हात पुढे-मागे व्हायला निघालेत. हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, आयसीयूमध्ये असं बाळ सांभाळलं होतं. तरी हात निघाले होते. तिला पाळण्यात ठेवलं, दार लोटलं आणि गॅलरीत जाऊन कठडा धरून उभं राहिलो. ती आत किंचाळत राहिली. मग गप्प झाली. आत जाऊन पाहिलं तर झोपली होती. हे एकमेकांना सांगायलाही आम्हाला तीन दिवस लागले.

ते हात निघाले असते तर काय झालं असतं, ते सांगणं भाग आहे. बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. जोराने गदगदा हलवलं की डोकं मागे-पुढे फेकलं जातं, मेंदू कवटीच्या आत घुसळतो, मेंदूवरच्या बारीक शिरा तुटतात, डोळ्यांच्या पडद्यात रक्त साकळतं. बाहेरून एक ओरखडाही दिसत नसतो. ब्रिटनमध्ये गथकेल्च या मेंदूच्या शल्यविशारदांनी १९७१ मध्ये आणि अमेरिकेत जॉन कॅफी यांनी त्यानंतर हे मांडलं. काही बाळं दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना फिट्स, अंधत्व, मतिमंदत्व येतं. काही सेकंदांचं काम असतं. पुढे रोनाल्ड बार यांनी अशा बाळांची वयं मांडून पाहिली. तो आलेख रडण्याच्या आलेखासारखाच निघाला, शिखर फक्त काही आठवडे पुढे. म्हणजे हे करणारे लोक बहुतेक वेळा राक्षस नसतात. न थांबणारा आवाज आणि न झोपलेला माणूस, एवढं पुरतं. मांडीवर घोडा-घोडा करण्याने किंवा रिक्षाच्या धक्क्यांनी हे होत नाही, त्याची धास्ती नको.

मग करायचं काय? बाळाला सपाट जागी, पाठीवर ठेवा. पाळण्यात किंवा जमिनीवरच्या गादीवर. आजूबाजूला उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको, मोहरीची उशीसुद्धा नको. दार लोटा आणि दहा मिनिटं बाहेर या. पाणी प्या, तोंड धुवा, कुणाला तरी फोन लावा. मग जाऊन बघा. अजून राग असेल तर परत बाहेर या. दहा मिनिटं रडल्याने बाळाला इजा होत नाही. आईने बाळाला रडत ठेवून खोलीबाहेर येणं आपल्याकडे पाप समजतात, आणि म्हणून ती आतच उभी राहते. हात थरथरत, बाळाला धरून.

हे सांगण्याने फरक पडतो का? मार्क डायस यांनी १९९८ पासून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रसूतीनंतर घरी जायच्या आधी आईला आणि बापाला, दोघांना, हे समजावून सांगायला सुरुवात केली आणि समजल्याची त्यांची सही घेतली. पुढच्या साडेपाच वर्षांत तिथे अशा इजा ४७ टक्क्यांनी घटल्या. दुसरीकडे इतका फरक दरवेळी दिसलेला नाही. पण खर्च एका कागदाचा आणि दहा मिनिटांचा आहे. आम्ही आता डिस्चार्जच्या दिवशी बापाला बाजूला घेऊन हेच बोलतो. तो आधी हसतो, "छे, मी कशाला हलवीन!" आम्हीही तेच म्हटलं असतं.

झोपेबद्दल. 'बाळ झोपलं की तू झोप' हा सल्ला ज्याने दिला त्याने कधी डबे, कपडे आणि कुकर सांभाळला नसावा. त्यापेक्षा रात्र वाटून घ्या. रात्री ९ ते २ एक, २ ते ७ दुसरा. ज्याची पाळी नाही तो शक्य तर दुसऱ्या खोलीत, बोळे घालून. पाजायच्या वेळी बापाने बाळ आणून द्यायचं, पाजून झालं की परत न्यायचं, ढेकर त्याने काढायची. चार-साडेचार तास सलग झोप मिळाली की माणूस माणसात येतो. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ छातीवर घेऊन डुलकी काढू नका. तिथे बाळ फटीत घसरतं आणि गुदमरतं.

आणि झोप मिळूनही मन उठतच नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटत असेल, तर तो थकवा नाही. तो आजार आहे आणि बरा होतो. एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक यादी आहे, १९८७ पासून वापरात आहे, मराठीतून विचारता येते. लसीकरणाला याल तेव्हा डॉक्टरांना म्हणा, माझंही बघा. रात्रीच बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चिठ्ठ्या आल्या आहेत. एक आजी लिहितात, "आम्ही पाच मुलं वाढवली, कुणी कानात बोळे घातले नाहीत." आजी, खरं आहे. पण तुमच्या वाड्यात बाळ घ्यायला हात किती होते? तुम्ही या सुनांच्या घरी आठवड्यातून दोन दुपारी जाऊन बसा, बोळ्यांची गरज पडणार नाही. आणि त्या वाड्यांतही कोठीच्या खोलीत जाऊन रडून येणाऱ्या बायका होत्या, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरी: "वरच्या फ्लॅटमधलं बाळ रात्री ओरडतं. तक्रार करावी का?" बेल वाजवा, हातात डबा घेऊन जा. "तासभर बाळ माझ्याकडे द्या" म्हणा. मोठ्या माणसांचं ओरडणं, मारल्याचा आवाज येत असेल तर मात्र १०९८ ला फोन करा.

तिसरी, अक्षर पुरुषाचं वाटतंय: "राग येतो हे डॉक्टरांना सांगितलं तर ते आमच्याबद्दल काय समजतील?" आमच्याबद्दल आत्ता तुम्ही जे समजलात, तेच.

शेवटच्या चिठ्ठीत प्रश्न नाही. "माझं पाच महिन्यांचं आहे. फार ओरडत होतं म्हणून मी बाहेर जिन्यात उभी राहून ऐकतेय." अहो, जिन्यात पंखा नाही. डावीकडे मागे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. कुणीतरी जरा दार उघडा. आत या.